ऑटिझमची थेरपी शोधताना: सेंटरमध्ये किती तास, यापेक्षा घरी काय आलं?

‘थेरपी लावा’ असं डॉक्टर सांगतात आणि पुढच्या पेशंटला आत बोलावतात. कोणती थेरपी, कुठे, किती दिवस, ती देणारा माणूस कोण असावा, हे सगळं आई-बाबा मग दवाखान्याच्या जिन्यातच एकमेकांना विचारत बसतात. घरी पोचेपर्यंत व्हॉट्सॲपवर चार सेंटरांचे नंबर आलेले असतात. एक मावसबहीण पुण्याचं नाव सुचवते, एक शेजारी केरळमधल्या कुठल्या तेलाचं. आजीचं म्हणणं असतं, ‘याचा बाबासुद्धा साडेतीन वर्षांचा झाल्यावर बोलला, उगाच घाई करू नका.’

आधी एक साधा हिशेब मांडू. समजा तीन वर्षांच्या मुलाला आठवड्यातून दोनदा ओटी (ऑक्युपेशनल थेरपी), दोनदा स्पीच आणि एकदा स्पेशल एज्युकेशन लावलं. पंचेचाळीस मिनिटांचं एक सेशन धरलं तर आठवड्याला पावणेचार तास झाले. सेशनचे ८०० रुपये धरले तर आठवड्याचे ४,००० आणि महिन्याचे १६,०००. रिक्षा आणि आईने सोडलेली नोकरी वेगळी. आता दुसरी बाजू. हे मूल दिवसाला अकरा-बारा तास जागं असतं, म्हणजे आठवड्याला ऐंशी तास. त्यातले पावणेचार सेंटरचे. उरलेले शहात्तर स्वयंपाकघरात, मोरीत, गॅलरीत, आजोबांच्या मांडीवर.

थेरपिस्टशिवाय चालतं असा याचा अर्थ नाही. पण थेरपिस्टने त्या पावणेचार तासांत केलेलं काम उरलेल्या तासांत उतरत नसेल, तर महिन्याचे सोळा हजार कुठे गेले हे विचारायचा हक्क आई-बाबांना आहे. सेंटर निवडताना मी बाकी सगळ्या गोष्टींच्या वर एकच कसोटी ठेवीन: तिथून घरी काय येतं?

निदान होईपर्यंत

ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता, हा मेंदूच्या वाढीतला जन्मजात वेगळेपणा आहे. त्याचा परिणाम दोन ठिकाणी दिसतो. एक, इतरांशी देवाणघेवाण करण्यात. दुसरं, ठरावीक गोष्टींच्या ओढीत आणि आवाज, स्पर्श, चव यांच्या जाणिवेत. नावाने हाक मारली तरी मूल वळत नाही. कावळा दिसला तर ‘ते बघ’ म्हणून बोट दाखवत नाही. पाणी हवं असेल तर आपला हात धरून माठाकडे नेतं, पण आपल्या तोंडाकडे बघत नाही. शिकलेले चार-सहा शब्द दीड वर्षाच्या आसपास हळूहळू गळून पडतात. मिक्सर सुरू झाला की कान झाकतं, गाडीचं चाक मात्र अर्धा तास फिरवत बसतं. प्रत्येक मुलात हे सगळं असेलच असं नाही. म्हणूनच ‘शेजारच्या ऑटिस्टिक मुलासारखा आमचा नाही’ हा दिलासा फसवा ठरतो.

जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज बरीच वर्षं साधारण शंभर मुलांमागे एक असा होता. अमेरिकेत आठ वर्षांच्या मुलांची २०२२ मध्ये पाहणी झाली, तिथे हे प्रमाण एकतीस मुलांमागे एक निघालं. तिथे शोध अधिक बारकाईने घेतात आणि निदानाची व्याख्याही आता रुंद झाली आहे, हे त्या आकड्यामागचं मोठं कारण.

रक्ताची तपासणी, एमआरआय, ईईजी, यांतल्या कशातही ऑटिझम ‘दिसत’ नाही. फिट येत असतील किंवा दुसरी शंका असेल तरच या तपासण्या लागतात. निदान होतं ते मुलाला बघून, त्याच्याशी खेळून आणि आई-बाबांशी तासभर बोलून. ते करणारे म्हणजे विकासात्मक बालरोगतज्ज्ञ, बालमानसोपचारतज्ज्ञ, मुलांचे न्यूरॉलॉजिस्ट किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट. दहा मिनिटांत चिठ्ठीवर ‘एएसडी’ (ऑटिझमचं वैद्यकीय लघुरूप) लिहून मिळालं असेल तर दुसरं मत घ्या. एक तपासणी मात्र टाळू नका, ती म्हणजे कानांची. हाकेला न वळणाऱ्या मुलाला ऐकू येतं की नाही हे आधी कळायला हवं. लहान मुलांसाठी ‘बेरा’ ही तपासणी असते, मूल झोपेत असताना करतात.

सोळा ते तीस महिन्यांच्या मुलांसाठी एम-चॅट नावाची वीस हो-नाही प्रश्नांची यादी आहे. त्यातून फक्त शंका किती आहे ते कळतं, निदान होत नाही. आपल्याकडच्या दिव्यांगत्वाच्या दाखल्यासाठी ‘इसा’ ही भारतीय मोजपट्टी वापरतात. तिच्यात चाळीस मुद्दे आहेत, गुण ४० ते २००. सत्तरच्या खाली ऑटिझम नाही, ७० ते १०६ सौम्य, १०७ ते १५३ मध्यम, त्यापुढे तीव्र. हे गुण शाळेच्या निकालासारखे दर सहा महिन्यांनी ताडून बघायचे नसतात. काही घरांत तेच होतं, आणि आईची झोप उडते.

निदानाची तारीख चार महिन्यांनंतरची मिळाली तर चार महिने हातावर हात ठेवून बसायचं कारण नाही. मूल संवादात मागे आहे एवढं कळलं तरी स्पीच आणि घरचं काम सुरू करता येतं. पुढे ऑटिझम नाही असं ठरलं तरी त्यात काही वाया जात नाही.

कारणांबद्दल थोडक्यात. लसीमुळे ऑटिझम होतो असं सुचवणारा १९९८ मधला बारा मुलांवरचा इंग्लंडमधला लेख ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने २०१० मध्ये मागे घेतला. मोबाईलमुळेही ऑटिझम होत नाही. मोबाईल कमी केल्यावर मूल माणसांकडे जास्त बघू लागतं हे खरं; त्या वेळात माणसं त्याच्याशी बोलतात म्हणून. आणि आईने नोकरी केली, बाबा चिडके होते, घरात भांडणं झाली, यांतलं काहीही कारण नाही.

कोण काय करतं

स्पीच थेरपी म्हणजे ‘बोल, बाळा, बोल’ नव्हे. चांगला स्पीच थेरपिस्ट आधी बघतो की मूल आत्ता कशाने सांगतं: ओढून, रडून, बघून की एखाद्या आवाजाने. तिथून एक पायरी वर न्यायची. चित्रं, हातवारे किंवा टॅबलेटवरचं ॲप वापरायला सुचवलं की आई-बाबा घाबरतात, ‘मग तो बोलायचाच नाही.’ आजवरच्या अभ्यासांत असं आढळलेलं नाही. अशी साधनं बोलण्याला अडवत नाहीत, काही मुलांना उलट मदतच होते. आयआयटी मुंबईत तयार झालेलं ‘जेलो’ हे चित्रांचं ॲप मोफत आहे आणि मराठीतही आहे. ‘पोळी’, ‘नको’, ‘अजून’ असं मराठीतच ऐकू येणं आजीला फार बरं वाटतं.

इथे भाषेचा प्रश्न येतोच. ‘घरात एकच भाषा ठेवा, शाळा इंग्रजी आहे तर इंग्रजीच बोला,’ हा सल्ला ठाण्यातल्या घरांना मिळतो तसाच न्यू जर्सीतल्या मराठी घरांनाही मिळतो. तो चुकीचा आहे. दोन भाषा ऐकत वाढणारी ऑटिस्टिक मुलं एकच भाषा ऐकणाऱ्या ऑटिस्टिक मुलांच्या मागे पडत नाहीत, हे गेल्या काही वर्षांत अनेक देशांतल्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. आणि ज्या आईला लाडात येऊन मराठीच सुचतं, तिला इंग्रजीत बोलायला लावलं की ती कमी बोलते, सूचनाच जास्त देते. ‘कम हिअर, सिट, ईट.’ गाणी, गमती, लटका राग, सगळं जातं. जे मूल आधीच माणसांशी कमी जोडलेलं आहे, त्याच्याभोवतीचं बोलणं असं आटवून कुणाचं भलं होणार?

ओटी, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपी, रोजच्या जगण्याची. दात घासणं, नखं कापू देणं, न्हाव्याच्या खुर्चीत बसणं, दहीभाताशिवाय दुसरं काही तोंडात घेणं. सेंटरमधले झोके, चेंडू, ट्रॅम्पोलिन हे ओटीतल्या ‘सेन्सरी इंटिग्रेशन’ या एका पद्धतीचं सामान. मुलांना ते आवडतं, त्यात गैर काही नाही. पण ब्रिटनमध्ये १३८ मुलांवर झालेल्या मोठ्या चाचणीत (निकाल २०२२ मध्ये आला) नेहमीच्या सेवेपेक्षा या पद्धतीचा वेगळा फायदा दिसला नाही. म्हणून महिनोन्महिने झोकाच चालू असेल तर विचारा: यातून घरचं कोणतं काम सोपं होणार आहे?

सगळ्यात जास्त वाद आहे तो एबीए या वर्तन-थेरपीवर. कॅलिफोर्नियातले मानसशास्त्रज्ञ लोवास यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एकोणीस मुलांना आठवड्याला चाळीस तास शिकवलं गेलं आणि त्यांतली नऊ मुलं सर्वसाधारण शाळेत टिकली, असं मांडलं होतं. ‘चाळीस तास’ हा मंत्र तिथून आला. आपल्याकडची काही सेंटरं अजून तो जपतात, कारण तासावर पैसे असतात. पण तो अभ्यास छोटा होता, मुलांची विभागणी चिठ्ठ्या टाकून केलेली नव्हती आणि त्या काळच्या पद्धतीत शिक्षाही होती. आज मोठे झालेले कित्येक ऑटिस्टिक लोक सांगतात की आपल्याला फक्त ‘ऑटिझम लपवायला’ शिकवलं गेलं. आताच्या पद्धती बऱ्याच बदलल्या आहेत. खेळातून, मुलाच्या आवडीतून शिकवणाऱ्या शाखांचे पुरावेही बरे आहेत. मी नावावर न जाता उद्दिष्ट बघीन. ‘हात फडफडवणं बंद करणं’ हे उद्दिष्ट असेल तर ते मोठ्यांच्या सोयीचं. ‘शू लागली की सांगणं’ हे मुलाच्या सोयीचं.

गोव्यातला प्रयोग

घरी काय येतं या कसोटीला आधार काय, याचं उत्तर आपल्या शेजारीच आहे. इंग्लंडमध्ये ‘पॅक्ट’ नावाची पद्धत १५२ लहान मुलांवर तपासली गेली होती. तिच्यात थेरपिस्ट मुलाला शिकवत नाही, आई-बाबांना शिकवतो. काही वर्षांनी त्याच मुलांना पुन्हा तपासलं तेव्हाही फरक टिकलेला दिसला. पण तिथे हे काम करणारे प्रशिक्षित स्पीच थेरपिस्ट होते. आपल्याकडे तालुक्याच्या गावी तसा एकही मिळत नाही. मग गोव्यातल्या ‘संगाथ’ संस्थेने आणि पाकिस्तानात रावळपिंडीच्या गटाने इंग्लंडमधल्या संशोधकांबरोबर ती पद्धत इथल्या घरांसाठी बेतली आणि ती द्यायला तज्ज्ञ नसलेले आरोग्य-कार्यकर्ते तयार केले. दोन ते नऊ वर्षांची पासष्ट मुलं घेतली. सहा महिन्यांत बारा भेटी. निकाल २०१६ मध्ये ‘लॅन्सेट सायकियाट्री’त आला.

भेटीत घडतं ते असं. आई आणि मूल नेहमीसारखे खेळतात, कार्यकर्ती त्याचा व्हिडिओ घेते. मग आई आणि कार्यकर्ती तो बसून बघतात, थांबवून, मागे घेऊन. चुका शोधायच्या नाहीत, मुलाने टाकलेली बारीकशी नजर शोधायची. ‘इथे बघा, गाडी थांबल्यावर त्याने तुमच्याकडे पाहिलं. पुढे तुम्ही काय केलंत?’

बहुतेक वेळा पुढे आपण प्रश्न विचारलेला असतो. मराठी घरात लहान मुलाशी बोलणं म्हणजे निम्मी तोंडी परीक्षाच असते. ‘हे काय आहे? रंग कोणता? काकूला सांग बरं, भूभू कसं करतो?’ बोलता न येणाऱ्या मुलासाठी प्रत्येक प्रश्न म्हणजे एक नापासाचा शेरा. त्याऐवजी करायचं ते सांगायला सोपं आणि करायला अवघड आहे: आधी गप्प बसून मूल कशाकडे बघतंय ते बघायचं. मग त्याच गोष्टीवर, त्याच्या पातळीचं, एक-दोन शब्दांचं बोलायचं. ‘गरगर… गरगर… थांबली!’ आणि मग थांबायचं. मनात पाच-सात आकडे मोजेपर्यंत. त्या शांततेत मूल काहीतरी करतं. बघतं, हात पुढे करतं, ‘ग’ म्हणतं. तेच त्याचं बोलणं समजून उत्तर द्यायचं. रोज अर्धा तास.

या प्रयोगात आई-बाबांचा प्रतिसाद स्पष्टपणे सुधारला आणि मुलं स्वतःहून संवाद सुरू करू लागली. एका मोजमापात, दोघांचं लक्ष एकाच गोष्टीवर टिकण्याच्या वेळात, उलट घट दिसली. मुलं सहा महिन्यांत घडाघडा बोलू लागली असा दावा कुणीही केलेला नाही, आणि मला तोच या अभ्यासाचा चांगुलपणा वाटतो.

सेंटर बघायला जाल तेव्हा

पाटी आणि खेळणी नंतर बघा. स्पीच थेरपिस्ट, स्पेशल एज्युकेटर आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट यांची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे असावी लागते. त्या नोंदीचा सीआरआर नंबर मागायला लाजू नका. ओटी देणाऱ्यांची नोंद तिथे नसते. महाराष्ट्रात त्यांच्यासाठी ऑक्युपेशनल थेरपी आणि फिजिओथेरपीची राज्य परिषद आहे. ‘ऑटिझम एक्स्पर्ट’ ही पदवी कोणतीच परिषद देत नाही.

मग विचारा: पुढच्या तीन महिन्यांची उद्दिष्टं लिहून देणार का? सेशनच्या वेळी मला आत बसता येईल का? मूल रडलं तर काय करता? या आठवड्यात घरी काय करायचं, ते कोण शिकवणार? ‘पालक असले की मूल काम करत नाही’ हे एखाद्या सेशनपुरतं खरं असू शकतं. पण दार कायमच बंद असेल तर ते सेंटर माझ्या यादीतून बाद. तीन-चार वर्षांच्या, बोलता न येणाऱ्या मुलाला आत काय झालं हे सांगता येत नाही, एवढं एक कारण पुरे.

वर्षाचे पैसे आगाऊ मागणारे, ‘सहा महिन्यांत नॉर्मल’ म्हणणारे, आणि पहिल्याच भेटीत ‘आधीच उशीर केलात’ म्हणून घाबरवणारे, यांना नमस्कार करून बाहेर पडा.

यापुढची पायरी म्हणजे ‘इलाज’. स्टेम सेलच्या जाहिराती मराठीतही येतात. खर्च लाखांत. ऑटिझमवर उपचार म्हणून स्टेम सेलची शिफारस करता येत नाही आणि तशी जाहिरात करणं हे डॉक्टरांचं व्यावसायिक गैरवर्तन आहे, असं राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या नीती मंडळाने २०२२ च्या डिसेंबरात स्पष्ट केलं. शरीरातले ‘जड धातू काढणारं’ किलेशन तर जिवावर बेतू शकतं. अमेरिकेत २००५ मध्ये पाच वर्षांचा एक मुलगा त्यात दगावला. दाबाच्या ऑक्सिजनच्या खोलीलाही ऑटिझमसाठी पुरावा नाही. रिस्पेरिडोनसारखी औषधं मानसोपचारतज्ज्ञ कधी कधी देतात, ती तीव्र चिडचिड किंवा स्वतःला मारून घेणं कमी व्हावं म्हणून, ऑटिझमसाठी नव्हे. शेत विकून, दागिने मोडून आणलेले पैसे ज्या घरात ‘इलाजा’वर गेले, तिथे नंतर साध्या स्पीच थेरपीलाही काही उरत नाही.

पैसे आणि कागद

जिल्ह्याच्या ठिकाणी सरकारी रुग्णालयात ‘डीईआयसी’ हे लवकर हस्तक्षेपाचं केंद्र असतं, शून्य ते अठरा वर्षांच्या मुलांसाठी, मोफत. काही ठिकाणी तिथे उत्तम माणसं आहेत, काही ठिकाणी पदं रिकामी. स्वतः जाऊन बघितल्याशिवाय कळत नाही. मुंबईत वांद्रे रेक्लमेशनजवळ अली यावर जंग राष्ट्रीय संस्थान आहे. तिथे स्पीच आणि कानांच्या तपासणीची सोय खासगीपेक्षा पुष्कळ स्वस्तात होते. ‘उम्मीद’ ही मुंबईतली संस्था २००१ पासून मुलांच्या विकासावर काम करते आणि पालकांनाही शिकवते. रांग सगळीकडे आहे, म्हणून नाव दोन-तीन ठिकाणी एकदमच घालून ठेवा.

दाखल्याला घरातले मोठे घाबरतात. ‘शिक्का बसेल.’ दिव्यांगांसाठीच्या १९९५ च्या कायद्यात ऑटिझम नव्हताच. २०१६ च्या कायद्याने एकवीस दिव्यांगत्वं मोजली, त्यांत तो आला. अर्ज यूडीआयडीच्या, म्हणजे दिव्यांग ओळखपत्राच्या, सरकारी संकेतस्थळावर करायचा, तपासणी सिव्हिल हॉस्पिटलमध्ये होते, लहान मुलांना आधी मुदतीचा दाखला मिळतो. तो कपाटात ठेवता येतो. सगळ्यांना दाखवायची सक्ती नाही, पण नसला की दारं बंद. मुख्य दार म्हणजे नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेचा ‘निरामय’ विमा: वर्षाला एक लाखापर्यंत, आधी वैद्यकीय तपासणी नाही, आणि ठरावीक मर्यादेत थेरपीचा खर्चसुद्धा. नोंदणी दारिद्र्यरेषेखालच्या घरांना २५० रुपये, बाकीच्यांना ५००. नेहमीच्या आरोग्य विम्यातून थेरपीची बिलं सहसा निघत नाहीत, म्हणून सेंटरची प्रत्येक पावती तारीख आणि सहीसकट जपा. निरामयचं वर्ष ३१ मार्चला संपतं. जुन्या करपद्धतीत दिव्यांग अपत्यासाठी ७५,००० रुपयांची वजावट मिळते, तीव्र असेल तर १,२५,०००. ऑटिझमसाठी त्याला वेगळा वैद्यकीय फॉर्म लागतो, सीएला आधीच विचारा.

आणि जी घरं जतला, चिपळूणला, गेवराईला आहेत त्यांचं काय? सगळं सोडून पुण्याला खोली घ्यायची का, हा प्रश्न तिथे निघतोच. बाबा गावी, आई आणि मूल शहरात, आजी-आजोबा फोनवर. याची किंमत फक्त भाड्याने मोजता येत नाही. मला त्याऐवजी महिन्या-दीड महिन्याने शहरात जाऊन दोन-तीन दिवस राहणं, रोज लांब सेशन घेणं आणि मध्ये व्हिडिओ कॉल, ही वाट बहुतेक घरांना परवडणारी वाटते. त्यासाठी असं काम करायला तयार असलेला एक थेरपिस्ट शोधावा लागतो. सगळे तयार नसतात. जाताना फोनमध्ये पाच-पाच मिनिटांचे व्हिडिओ न्या: जेवतानाचा, एकटं खेळतानाचा, पाहुणे आल्यावरचा. सेंटरमधल्या अनोळखी खोलीत मूल जसं वागतं त्यापेक्षा त्यांतून जास्त कळतं. आणि उठण्याआधी पुढच्या भेटीपर्यंतचं घरचं काम लिहून घ्या, जास्तीत जास्त तीन गोष्टी. त्यांतली एक आजीला जमेल अशी मागा. मध्ये अडलं तर फोन कधी करायचा आणि त्याचे पैसे किती, हेही तिथेच ठरवून घ्या.